एकाच नावाचं खातं

माझ्या बायकोने छत्तीस वर्षांत माझ्याकडे स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. महाबळेश्वरसुद्धा नाही. त्यामुळे गेल्या दिवाळीनंतर ती एकदम म्हणाली, "आपण थायलंडला राहायला जाऊया का? च्यांग माईला. निवृत्त लोकांना व्हिसा देतात म्हणे," तेव्हा मला आनंद झाला नाही. हिच्या डोक्यात हे कुणी भरवलं, एवढंच मनात आलं.

मी डोंबिवलीतल्या मानपाड्याला एका रंगाच्या कारखान्यात तीस वर्षं ऑडिट पाहिलं. कोरा कागद हातात आला तरी उलटून बघायची सवय. लोक मला संशयी म्हणतात, मी स्वतःला सावध म्हणतो. उत्तरा ठाण्याला शाळेत शिकवायची. मुलगी लग्न होऊन इंदूरला गेली. डोंबिवलीच्या घरात आम्ही दोघंच.

चौकशीला अर्थातच मी गेलो, एकटा. उत्तराने दिलेल्या पत्त्यावर, घोडबंदर रोडला एका नव्या टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर व्हिसाचं काम करणाऱ्या एजंटचं ऑफिस होतं. बोर्ड कोरा करकरीत. म्हणजे परवा उघडलंय आणि उद्या बंद होणार, असं मी धरूनच चाललो. जयेश नावाचा तरुण समोर बसला.

"काका, पन्नाशी पार पायजे, ती तर झालीय," तो हसून म्हणाला. "पोलिसांचा दाखला, मेडिकल, आणि बँकेत आठ लाख बाथ. आपले बावीस-तेवीस लाख पकडा. दोन-तीन महिने पडून पायजेत, मध्ये हात नाय लावायचा."

"आहेत. जॉइंट खात्यात."

"जॉइंट नको. त्यातले तुमचे किती, काकींचे किती, कोण ठरवणार? एकाच्या नावावर ठेवा. दुसरा डिपेंडंट म्हणून जातो. फक्त मॅरेज सर्टिफिकेट लागेल."

आता आमच्या घरात एकाच्या नावावर असं काहीच नव्हतं. फ्लॅट, ठेवी, लॉकर, सगळीकडे दोघांची नावं. नातेवाईक याचं कौतुक करत आणि मीही त्याला विश्वासच समजत आलो. बँकेचे मेसेज तेवढे माझ्या मोबाइलवर येत. उत्तराने एटीएममधून पाचशे काढले की ती जिना चढायच्या आत मला कळे. ती दारात आली की मी विचारी, "कशाला लागले गं?" सहज विचारी. निदान मला तरी ते सहज वाटे.

घरी येऊन मी तिला सांगितलं, की खात्यावरून तुझं नाव काढावं लागेल. सांगताना तिच्या चेहऱ्यावर नजर ठेवली. ती वाल सोलत बसली होती.

"काढा की," ती म्हणाली. "सही कुठे करू?"

मी चमकलो. बावीस लाखांवरून नाव जातंय आणि बाई मानसुद्धा वर करत नाही? कुठेतरी पाणी मुरत होतं. तिने सही केलेला फॉर्म मी बँकेत दिलाच नाही. कपाटात ठेवला आणि लक्ष ठेवायला लागलो.

दर गुरुवारी ती नौपाड्याला तिच्या भावाकडे, नयनकडे जाते. पूर्वी चारला परत यायची, आता साडेसहा वाजायला लागले. विचारलं तर म्हणे, ट्रॅफिक. मी मनात जुळवाजुळव केली. नयनला पैशांची गरज असणार. एजंट त्याच्याच ओळखीचा असणार. थायलंड हे नुसतं निमित्त, माझे पैसे एकदा का खात्यातून हलले की संपलं.

तिसऱ्या गुरुवारी मी तिच्या मागोमाग ठाण्याला गेलो. ती नयनकडे वळलीच नाही, तिने घोडबंदरची बस पकडली. मी रिक्षा केली. मानपाड्याच्या, म्हणजे ठाण्यातल्या मानपाड्याच्या सिग्नलला बस आणि रिक्षा वीस मिनिटं शेजारीशेजारी अडकल्या, आणि मी तोंडासमोर वर्तमानपत्र धरून घामाघूम होत राहिलो. ती त्याच टॉवरमध्ये शिरली. अर्ध्या तासाने बाहेर पडली, तसा मी वर गेलो.

जयेश नव्हता. दक्षता नावाची मुलगी टेबलावर होती. मी नाव सांगितलं.

"उत्तरा मॅडमचे मिस्टर ना तुम्ही? आत्ताच गेल्या त्या. त्यांची फाइल कम्प्लीट आहे, अंकल. एकदम क्लीन." तिने बँकेचा कागद माझ्याकडे वळवला. "फक्त डिपेंडंटचा फॉर्म राहिलाय. तो घरी घेऊन गेल्यात."

नौपाड्याची शाखा. चोवीस लाख, चार महिने हात न लावलेले. नाव एकटीचं. मी तो कागद तीनदा वाचला, आणि सवयीने उलटूनही पाहिला.

घरी पोचलो तर ती आधीच आलेली.

"रिक्षात दिसलात तुम्ही," ती म्हणाली. "चहा ठेवलाय."

"ते पैसे कुणाचे?"

"माझे. आईचं घर विकलं, त्यातला माझा वाटा."

"पण तू हक्कसोडपत्र करून दिलंस ना नयनला?"

आमच्याकडे असंच होतं. आई-वडील गेले की बहीण रजिस्ट्रारकडे जाऊन हक्क सोडल्याची सही करते, भाऊ साडी देतो, विषय संपतो. सासूबाई गेल्या तेव्हा मीच तिला म्हणालो होतो, सही करून टाक, भावाशी वाईटपणा नको. त्यानंतर त्याबद्दल मी एक अक्षर विचारलं नव्हतं. ती सही करणारच, यात तपासायचं काय?

"नयन म्हणाला, ताई, सही करायची नाही. मी नाही केली." तिने माझ्यापुढे कप ठेवला. "साडी मात्र दिली त्याने."

टेबलावर तो डिपेंडंटचा फॉर्म होता. नावाची जागा रिकामी.

"यात माझं नाव का नाही?"

"तुम्ही विचाराल म्हणून थांबले होते."

"काय विचारू?"

"मी येऊ का, एवढंच." ती माझ्यासमोर बसली. "जन्मभर मला विचारत आलात. कुठे गेलीस, किती लागले, फोन कुणाचा होता. आता हे एक विचारा. फाइल उद्या जायची आहे."

मला जायचं होतं. खरं सांगतो, तिच्याबरोबर कुठल्याही गावात जायला मी त्या क्षणी तयार होतो. तिच्याशिवाय हे घर कसं असेल, हे मनात आलं. तीन साधे शब्द होते. मी तोंड उघडलं.

"नयनने विक्रीचे कागद नीट दाखवले का गं तुला?" मी म्हणालो. "नौपाड्यातलं घर, आणि चोवीसच कसे?"

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं.

मग तिने पेन घेतलं आणि त्या रिकाम्या जागेत 'कोणी नाही' असं इंग्रजीत लिहिलं. फळ्यावर लिहायची तेच अक्षर, मोठं आणि स्वच्छ. वाचायला मला चष्मासुद्धा लागला नाही.