समतोलाची तीन मिनिटं

तक्रार करणाऱ्या माणसांबद्दल मला पहिल्यापासून माया आहे. हे ऐकून आमच्या ऑफिसातली मॉरिन हसते, कारण देशभरच्या रेडिओ-टीव्हीबद्दलच्या तक्रारी आधी तिच्या टेबलावर पडतात आणि मग माझ्या, आणि तिच्या मते या माणसांना घरी कोणी बोलू देत नाही म्हणून ती आम्हाला लिहितात. असेलही. पण कोकरांच्या जन्माच्या बातमीला लागूनच कोकराच्या रश्शाची कृती सांगितली म्हणून दर वसंतात अभिरुचीभंगाची तक्रार करणारे टिमारूचे निवृत्त मास्तर, किंवा भरतीची वेळ चार मिनिटांनी चुकली म्हणून दोन पानं लिहिणाऱ्या नेल्सनच्या आजीबाई, अशा माणसांच्या धाकानेच निवेदकांच्या जिभेला लगाम राहतो, असं मी मानत आलो.

पद्धत साधी आहे. तक्रारदाराने आधी स्टेशनला लिहायचं आणि त्यांचं उत्तर पटलं नाही तर वेलिंग्टनला, आमच्या मंडळाकडे यायचं. मी कार्यक्रमाची टेप ऐकतो, दोन्हीकडची पत्रं वाचतो आणि निकालाचा मसुदा लिहितो. मंडळाचे चार सभासद महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी बसून तो बहुतेक वेळा जसाच्या तसा मंजूर करतात. सांगितलं ते खरं होतं का, दुसऱ्या बाजूला जागा दिली का, आणि सभ्यपणाची मर्यादा राखली का, एवढंच पाहायचं. त्यातही नुसती चूक असून भागत नाही, ती चूक ऐकणाऱ्याची समजूत बदलेल इतकी मोठी असावी लागते. या एका नियमावर माझी एकवीस वर्षं सुखात गेली.

लोगन नावाच्या गृहस्थांची तक्रार आली ती नोव्हेंबरात. पत्ता पश्चिम किनाऱ्यावरच्या ओताराती नदीचा. रविवार सकाळच्या 'नदीकाठच्या गोष्टी' या कार्यक्रमात तिथल्या एका दुकानदाराने जुन्या आठवणी सांगितल्या होत्या, त्यांतल्या चाळीस सेकंदांबद्दल त्यांचं म्हणणं होतं. मी टेप लावली. दुकानदार सांगत होता की सव्वीस वर्षांपूर्वी क्लाइव्ह मेसन नावाचा तरुण व्हाइटबेट या बारीक मासळीच्या हंगामात, भर पावसात, एकटाच जाळं घेऊन नदीच्या मुखापाशी गेला. काही मिळेना म्हणून पुढे पुढे सरकत राहिला आणि वाहून गेला. दोन दिवसांनी तो वाळूवर सापडला आणि त्याची रिकामी बादली काठावर. मग लगेच बँजोची एक आनंदी धून.

लोगन यांचं पत्र टंकलेलं, नेटकं आणि अतिशय सौम्य होतं. पाऊस नव्हता, ऊन होतं, असं त्यांनी लिहिलं होतं. मासळी मिळाली होती, बादली अर्धी भरली होती. आणि तो पुढे जात नव्हता, परत येत होता.

तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मला ठाऊक होतं, कारण मी तिथे होतो, आणि माझ्याशिवाय तिथे कोणी नव्हतं.

क्लाइव्ह हा माझ्या बायकोचा, रेविनचा, धाकटा भाऊ. तेव्हा आम्ही त्याच किनाऱ्यावर, होकितिकाला राहत होतो, आणि त्या दिवशी मी ऑफिसात आजारी असल्याचं कळवून, घरी मात्र ऑफिसला जातो असं सांगून, त्याच्यासोबत मासळी धरायला गेलो होतो. एवढीच क्षुल्लक लबाडी. पायाखालची वाळू सरकली आणि क्लाइव्ह प्रवाहात गेला, त्याचे मांडीपर्यंतचे रबरी बूट पाण्याने भरले, आणि मी काठावर होतो. मी उतरलो नाही. घाबरलो म्हणा, गोठलो म्हणा. सव्वीस वर्षं मी या शब्दांची अदलाबदल करतो आहे आणि अजून निकाल लागलेला नाही. संध्याकाळी नेहमीच्या वेळी घरी गेलो आणि ऑफिस कसं होतं असं रेविनने विचारलं तेव्हा ठीक होतं म्हणालो. त्यानंतर सांगायची वेळ कधी आलीच नाही. दर सप्टेंबरात, हंगाम सुरू झाला आणि बाजारात ती काडीएवढी पारदर्शक मासळी दिसली, की रेविन म्हणते, "कोणीतरी असायला हवं होतं रे त्याच्यासोबत." मी मान हलवतो. या बाईवाचून मला जगता येणार नाही, आणि जिने हे वाक्य सव्वीस वेळा उच्चारलं ती खरं कळल्यावर माझ्या घरात एक दिवस राहणार नाही.

नियमाप्रमाणे नात्यातलं प्रकरण असलं की तसं जाहीर करून बाजूला व्हायचं असतं. 'हा माझा मेहुणा,' एवढं म्हटलं असतं तर फाईल दुसऱ्याकडे गेली असती. पण दुसऱ्याने चौकशी केली असती, मॉरिनने रेविनला हळहळून फोन केला असता. मी गप्प राहिलो आणि मसुदा लिहिला. पाऊस होता की ऊन होतं, याने श्रोत्याची समजूत बदलत नाही. सबब तक्रार फेटाळावी. वाक्य चांगलं उतरलं होतं. ते मी खणात ठेवलं.

"लोगनसाहेबांचं काय करतोयस?" मॉरिनने डबा उघडता उघडता विचारलं. "चाळीस सेकंदांसाठी एवढं दळण! तेवढ्यात मी माझं पहिलं लग्न मोडलं होतं."

"किरकोळ आहे. फेटाळतोय."

"मग खिडकीकडे काय बघत बसलायस?"

स्टेशनने आपलं उत्तर पाठवलं होतं, दोन ओळींचं, नेहमीसारखं तुटक. ते तक्रारदाराकडे धाडून त्याचं शेवटचं म्हणणं मागवणं मला भाग होतं. लोगन यांचं म्हणणं आठवड्यात आलं. 'पाऊस होता की ऊन होतं, याने श्रोत्याची समजूत बदलत नाही, हे मला मान्य आहे,' अशी त्याची सुरुवात होती.

मी खण उघडून पाहिला. मसुदा होता तिथेच होता, माझ्याच अक्षरात, आणि तो मी टंकायलासुद्धा दिलेला नव्हता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं असेल, नियम सगळ्यांना सारखाच पाठ असतो, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि पुढे वाचलं. 'मात्र "एकटाच" या शब्दाने समजूत बदलते. त्याने तीन हाका मारल्या. तिसऱ्या वेळी नाव घेऊन मारली. ऐकणाऱ्याने हातातली बादली खाली ठेवली. सांडू नये म्हणून जपून ठेवली. बादली रिकामी सापडली हे खरं आहे, पण ती नंतर रिकामी केली गेली होती. कार्यक्रमात फक्त जे तिथे नव्हते त्यांचीच बाजू आली आहे. मी समतोलाच्या नियमाचा आधार घेतो.'

मासळी मी पाण्यात सोडून दिली होती. घरी नेता येत नव्हती म्हणून. हे मी कधी स्वतःशीसुद्धा शब्दांत बोललो नव्हतो.

दुपारी ओतारातीच्या टपाल कचेरीत फोन केला. तिथली बाई मोकळ्या स्वभावाची होती. "लोगन ना? नदीच्या रस्त्यावर शेवटची टपालपेटी. आम्ही टाकलेली पत्रं तिथून उचलली जातात, एवढं नक्की. घर म्हणाल तर मी काही पाहिलं नाही बाई अजून. का हो, काही भानगड?" मी भानगड नाही म्हणालो आणि फोन ठेवला.

ते पत्र मी फाईलमधून काढलं. एकवीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं. घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं, आणि फेब्रुवारीतल्या मंगळवारी मंडळाची बैठक सुरू झाली तेव्हाही ते तिथेच, छातीशी होतं. मंडळाच्या अध्यक्ष मिसेस तुहोरो गिस्बर्नच्या शाळेत तीस वर्षं मुख्याध्यापिका होत्या; त्यांनी चष्मा सारखा केला आणि समोरच्या गठ्ठ्यातून एक कागद उचलला.

"ग्रेम, बाकी तुझा मसुदा ठीक आहे. पण हे शेवटचं पत्र. याला तू उत्तरच दिलेलं नाहीस."

चौघांच्याही समोर त्याची प्रत होती. मी मॉरिनकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस? तूच तर आणून दिलंस प्रती काढायला," ती कुजबुजली. "काल."

मी दिलं नव्हतं. दिलं नव्हतं असं मला वाटत होतं. मी कोटावर हात ठेवला. घडी आत होती.

"हा माणूस म्हणतो, काठावर दुसरं कोणी होतं," मिसेस तुहोरो म्हणाल्या.

"कोणी नव्हतं."

"तुला काय ठाऊक?"

"म्हणजे, तेव्हाच्या चौकशीत तसं काही आलं नव्हतं," मी म्हणालो.

"चौकशीत काय, जो जाऊन सांगतो तेवढंच येतं. तीस वर्षं वर्गात हेच पाहिलं मी." त्या हसल्या, बाकीचेही हसले. "आपण काही खरंखोटं करायला नदीवर जाऊ शकत नाही. पण दुसरी बाजू आहे म्हणतात, तर ती येऊ दे. स्टेशनने त्यांना तीन मिनिटं द्यावीत, त्याच कार्यक्रमात. त्यांनी आपल्या तोंडाने सांगावं. कोणाचा विरोध?"

कोणाचाच नव्हता. मसुदा लिहिणाऱ्याला मत नसतं. निकालपत्रही मीच लिहिलं, आणि ते लिहिताना एकदाही खाडाखोड झाली नाही याची मला आज लाज वाटते.

एप्रिलच्या सुरुवातीला स्टेशनच्या व्यवस्थापकाने मॉरिनला कळवलं की लोगन यांनी स्वतःच ध्वनिमुद्रण करून टपालाने पाठवलं आहे, बरोब्बर तीन मिनिटांचं, काटछाट करायची गरज नाही, आवाजही छान आहे. येत्या रविवारी लावतो. मी त्या माणसाला फोन करून कायदेशीर अडचणीचं काहीबाही सांगून पाहिलं. "अहो, तुमचाच हुकूम आहे!" तो म्हणाला. "आधी कान पिळता आणि मग तुम्हीच नको म्हणता. ठरवा बुवा काय ते."

ते चार दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. रेविनला सगळं सांगून टाकावं, असं येता-जाता मनात यायचं. ती कपडे वाळत घालत असायची, किंवा चष्मा कपाळावर ठेवून तोच चष्मा शोधत असायची, आणि आणखी एक दिवस हे असंच राहू दे असं मला वाटायचं. माणूस किती हावरट असतो!

रविवारी सकाळी मी म्हणालो, "चल, समुद्रावर जाऊन येऊ."

"या वाऱ्यात? डोकं फिरलंय का तुझं? एवढे फिजोआ पडलेत, उद्यापर्यंत काळे पडतील." शेजाऱ्यांनी दिलेली टोपलीभर फळं तिच्यासमोर होती, ती एकेक अर्धं करून चमच्याने गर कोरत होती आणि ओट्यावरचा रेडिओ लागलेला होता, जसा दर रविवारी लागलेला असतो. मी तो बंद केला. तिने ओल्या हाताने पुन्हा लावला. "काय चाललंय तुझं सकाळपासून? बस जरा एका जागी."

मी बसलो. अकराच्या बातम्या झाल्या. "रेविन, मला तुला काहीतरी..."

"थांब, थांब. ओतारातीचं नाव घेतलं त्यांनी."

निवेदिका सांगत होती की तक्रार मंडळाच्या निर्णयानुसार, क्लाइव्ह मेसन यांच्या मृत्यूविषयी आता श्री. लोगन आपली बाजू मांडतील. रेविनने भावाचं नाव ऐकून माझ्याकडे पाहिलं. मूळचा कार्यक्रम लागला त्या रविवारी ती घरी नव्हती, आणि तक्रारीचं तर तिला काहीच माहीत नव्हतं. मग तिने आवाज वाढवला.

आणि रेडिओ गप्प झाला.

मी कान देऊन ऐकलं. शब्द नाही, खरखर नाही, काही नाही. टेप कोरी निघाली होती! इतके दिवस मी एका कोऱ्या टेपला भीत होतो. सुटकेने माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आता निवेदिका दिलगिरी व्यक्त करेल, मग दुपारी आपण खरंच समुद्रावर जाऊ, असा विचार करत मी रेविनकडे वळलो.

तिचा चमचा फळात रुतून तसाच थांबला होता. ओळखीचा आवाज खूप दिवसांनी कानावर पडला की माणूस जशी मान कलती करतो तशी तिने केली होती, आणि ती ऐकत होती. मध्येच तिने एकदा हलकेच मान हलवली. एकदा तिचे ओठ हलले. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा एक मिनिट सरकला, मग आणखी एक. मी तिला हाक मारली. तिने नुसता तळहात वर करून मला गप्प केलं.

"धन्यवाद, श्री. लोगन," निवेदिका म्हणाली, आणि संगीत सुरू झालं.

रेविनने रेडिओ बंद केला. चमचा खाली ठेवला, नळाखाली हात धुतले, एकेक बोट करून पुसले. माझ्याकडे तिची पाठ होती. ती बोलली तेव्हा आवाज चढलेला नव्हता, उलट, आपण ऐकलं ते नीट ऐकलं ना, एवढीच खात्री करून घ्यावी तसा होता.

"आणि त्याचं ओरडणं थांबल्यावरही तू किती वेळ तिथे उभा होतास, ग्रेम?"