सरलाच्या ओळी

“पासवर्ड मी टाकतो. तू तिकडं तोंड कर,” नत्थूजी म्हणाले.

चेतनाने खिडकीकडे मान वळवली. नत्थूजींनी एकेक अक्षर शोधून दाबले आणि सून पुन्हा वळली तरी कीबोर्डवरचा हात काढला नाही.

रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून ते स्वतःची वेबसाइट चालवत. भंडारा-गोंदियाकडून पोटासाठी रायपुरात आलेल्या माणसांवर लिहीत. वेबसाइट ज्या कंपनीकडे होती, तिची सेवा बंद होणार असल्याचा मेल आला, तेव्हा त्यांना तो फसवणुकीचाच वाटला. चेतनाने कंपनीला फोन लावून दिला, तर “हा नंबर तरी खरा कशावरून?” म्हणाले. शेवटी नाइलाजाने तिला सगळे नव्या ब्लॉगवर हलवू दिले.

दुपारी त्यांनी जुने-नवे शेजारी उघडून तपासायला घेतले. लेख आले होते, फोटोही आले होते. पण गोल बाजारात भाजी विकणाऱ्या अंजनाबाईंवरच्या लेखाखाली कोरी जागा होती. पुढच्या लेखाखालीही तेच. त्यांच्या बायकोच्या, सरलाच्या प्रतिक्रिया गेल्या होत्या.

सरला तोंडावर कधी कौतुक करायची नाही. आतल्या खोलीत बसून मोबाइलवर लेख वाचायची आणि खाली दोन ओळी टाकायची. गेल्या वर्षी ती वारली, तेव्हापासून नत्थूजी त्या ओळीच वाचत असत. एका बाईच्या हातच्या वरणावरच्या लेखाखाली तिने लिहिले होते, ‘असं वरण आमच्या सुनेले अजून जमलं नाही.’

नत्थूजींना एकदम उलगडा झाल्यासारखे वाटले.

“चेतना! सरलाचं लिहिलेलं काहून काढलं?”

“मैंने कुछ नहीं निकाला, पापाजी.”

“मले सांगू नको. वरणाचं झोंबलं तुले. म्हणून सगळंच पुसलं!”

चेतनाचा चेहरा उतरला. “नए वाले में सिर्फ लेख आए हैं, सबके कमेंट छूट गए,” ती म्हणाली. “पुराना अभी खुला है. बैठिए.”

ती जुन्या पानावरून एकेक ओळ उचलून नव्या लेखाच्या शेवटी, ‘सरला’ असे लिहून ठेवू लागली. नत्थूजी खुर्ची ओढून तिच्या खांद्याशी बसले. एखादी गाळते का, हे पाहायला. ती गाळत नव्हती. मोबाइलवर सरलाने अर्धवट टाकलेले शब्दही ती तसेच ठेवत होती. वरणाचा लेख आला, तेव्हा नत्थूजींनाच अवघडल्यासारखे झाले.

“हे राहू दे. नको घेऊ.”

“क्यों? मम्मी ने लिखा है,” चेतना म्हणाली, आणि ती ओळही तिने लेखाखाली ठेवली. मग पदराने डोळे टिपून पुढचा लेख उघडला.

नत्थूजींनी खुर्ची थोडी मागे घेतली. पुढच्या ओळी त्यांनी तपासल्या नाहीत.

दोन दिवसांनी त्यांनी नव्या ब्लॉगवर पहिला लेख टाकला. खाली ‘पहिली प्रतिक्रिया तुम्ही लिहा’ असे आपोआप उमटले. मग स्वयंपाकघराकडे वळून म्हणाले,

“चेतना, सवड असली तं वाच न बाई.”

ती ओले हात पुसत आली. नत्थूजी उठले आणि त्यांनी आपली खुर्ची तिला दिली.