निळीच्या माठाची थाप

त्या सकाळी अप्पाराव रंगारी निळीच्या माठावर ओणवे होऊन जर्मन भाषेला शिव्या घालत होते.

"हिला काय भाषा म्हणायचं, पुष्पे? आपल्यात आधी नाम येतं आणि प्रत्यय मागून, पदर सावरत. यांच्यात हे दोन अक्षरी टोणगे आधी दारात उभे, आणि मागून येणाऱ्या नामानं त्यांचा हुकूम ऐकून कपडे बदलायचे!"

"हुकूम पाठ झाले का ते सांगा, अण्णा," त्यांची मुलगी पुष्पावती ओट्यावरून म्हणाली. "चतुर्थी विभक्तीवाले कोण?"

"आउस, बाय, मिट, नाख, फोन, त्सू." अप्पारावांनी त्या तालावर धोतरजोडी पिळली. "मिटला चतुर्थी का, ते समजलं मला. मिट म्हणजे सोबत. सोबत म्हटली की देणंघेणं आलंच."

"आणि द्वितीयावाले?"

"डुर्ख, फ्यूर, गेगेन, ओने, उम. त्यातल्या ओनेला, म्हणजे 'शिवाय'ला, द्वितीया का, ते काही पटत नाही."

"पटवून घ्यायला कुणी सांगितलंय? पाठ करा."

मग तिनं त्यांना दोन्हींकडे तोंड असलेला 'इन' सांगितला. कापड माठात सोडलं तर द्वितीया, इन डी क्यूपे. कापड माठात पडून असलं तर चतुर्थी, इन डेर क्यूपे. क्यूपे म्हणजे माठ. अप्पारावांनी हात थांबवला.

"शब्द तोच आणि वागणूक दोन तऱ्हांची? कचेरीच्या दारातला शिपाई आहे की हा. आत शिरणाऱ्याशी एक बोलतो, आत बसलेल्याशी दुसरं."

पुष्पावतीला हसू आलं. तिनं ते गिळलं, कारण शिकवताना हसलं तर विद्यार्थी शेफारतो असं तिचं मत होतं, मग विद्यार्थ्याच्या मिशा का पांढऱ्या होईनात.

जर्मनीशी थोरली लढाई अजून सुरू व्हायची होती आणि जर्मन निळीचे डबे बिनबोभाट म्हैसुरात येत होते. डब्यात एक घडी घातलेला कागद असे. त्यावर इंग्रजीत चार ओळी आणि जर्मनमध्ये चार पानं. अप्पारावांच्या मनात एवढंच आलं की जी गोष्ट चार ओळींत मावते ती कुणी चार पानं लिहीत नाही. बाकीच्या रंगाऱ्यांना जर्मन भाषेबद्दल इतकंच ठाऊक होतं की ती डब्यावर असते. ते चार ओळी कुणाकडून तरी वाचून घेत, कापड डागाळलं की डब्याला दोष देत आणि घरी जाऊन जेवत.

पुष्पावतीला जर्मन आलं ते जनाना इस्पितळातल्या एका जर्मन नर्सबाईंकडून. ती बाईंना कानडी शिकवायची, बाई तिला जर्मन. नवरा गेल्यावर माहेरी परतलेली बाई दुपारी इस्पितळात जाते म्हणजे औषधालाच जात असणार, असं गल्लीनं ठरवून टाकलं होतं. दुसरं काही सुचायला डोकं लागतं.

आता थापेची गोष्ट सांगायला हवी. निळीचा माठ जिवंत असतो असं रंगारी मानतात. तो बिघडला, वर तांबूस साय धरायची थांबली आणि वास फिरला, की रंगाऱ्यानं गावात एक मोठी थाप सोडायची. लोक ती जितकी खरी मानतील, जितकी लांब नेतील, तितका माठ लवकर सुधारतो. घरच्यांनी मात्र त्या थापेला हो म्हणायचं नाही आणि नाहीही म्हणायचं नाही. घरच्यानं तोंड उघडलं तर माठ मेलाच. अप्पारावांनी उमेदीत फार नामी थापा मारल्या होत्या. एकदा राजवाड्यातला हत्ती बोलायला लागल्याची त्यांची थाप बन्नूरच्या बाजारापर्यंत पोचली होती.

तर त्या वर्षीच्या पावसाळ्याच्या तोंडाशी त्यांचा माठ बिघडला. त्याच आठवड्यात ते हिंगुलांबिकेच्या देवळाच्या ओसरीवर बसून सगळ्यांना म्हणाले, "दसऱ्यानंतर इथंच जर्मनचा वर्ग काढायचा. ज्याला त्याला आपापला कागद वाचता आला पाहिजे. आमची पुष्पा शिकवेल. मलाही तीच शिकवते."

ओसरी हसून लोळायची बाकी राहिली. रंगारी समाजाचे मुख्य गुंडुराव डोळे पुसत म्हणाले, "अप्पाराव, माठ फारच बिघडलाय वाटतं! हत्ती परवडला, रे."

"थाप नाही, गुंडुराव. खरंच सांगतोय."

"असंच म्हणायचं असतं!" गुंडुराव म्हणाले, आणि पुन्हा हशा झाला.

गुंडुरावांची बायको लक्ष्मीदेवी दुसऱ्या दिवशी हळद मागायच्या निमित्तानं आली आणि अर्ध्या कानडीत म्हणाली, "निजवा गं, पुष्पा? खरं आहे का ते?"

पुष्पावतीनं हळद दिली आणि रिवाजाप्रमाणे गप्प राहिली. लक्ष्मीदेवी खूष होऊन गेली. आठवडाभरात माठ सुधारला, वर तांब्याच्या रंगाची साय आली, आणि गल्लीच्या दृष्टीनं विषय मिटला. त्यानंतर तोंड उघडायला तिला कुणाची आडकाठी नव्हती. पण कुणी विचारलं नाही आणि तिनं आपणहून सांगितलं नाही. अप्पाराव थोडे दिवस खरंच, खरंच म्हणत राहिले, मग त्यांनी ते सोडलं.

शिकवणीच्या त्या सकाळनंतर इन डी क्यूपे, इन डेर क्यूपे करत त्यांनी तो दिवस घालवला. गिऱ्हाइकाला धोतर देतानाही ओठ हलत होते. दुसऱ्या दिवशी पहाटे केरेवर, गावच्या तळ्यावर, कापड धुवायला गेले आणि पायरीवरच बसल्या बसल्या कलंडले. लोकांनी घरी आणलं तेव्हा हात कोपरापर्यंत निळे होते. पुष्पावतीनं ते धुवायचा प्रयत्न केला नाही. ती नीळ पाण्यानं जाणारी नव्हती.

तेराव्याचं जेवण झाल्यावर देवळाच्या ओसरीवर समाज बसला. बायका आत, जाळीच्या दाराआड. अप्पारावांच्या बहिणीचा मुलगा अनंतकृष्ण उभा राहिला. हा मद्रासहून पदवी घेऊन आला होता, आणि पदवीपेक्षा कोट जास्त जपत होता. जर्मनचं व्याकरण त्यानंही विकत आणलं होतं. त्याची पहिली काही पानं कापलेली होती, पुढची छापखान्यातून आली तशीच चिकटलेली. पुष्पावतीनं ते पुस्तक त्याच्या घरी पाहिलं होतं.

"मामांना अखेरच्या दिवसांत जर्मनचा ध्यास होता," अनंतकृष्ण म्हणाला, "आणि त्यांना थोडंफार शिकवण्याचं भाग्य मला लाभलं. त्या भाषेतल्या प्रिपोझिशन्स फार गहन. मामांचं वय झालेलं, शिक्षण नाही. मी पुन्हा पुन्हा सांगायचो. असो. त्यांची वर्गाची इच्छा मी पुरी करीन."

"शाब्बास!" गुंडुराव म्हणाले. "बघा, शिकलेला माणूस असा. आणि आमचा अप्पाराव काय सांगत होता, आठवतं ना? पुष्पा शिकवते म्हणे!"

तेराव्याला हसू नये म्हणून लोक खाली मान घालून हसले.

"माठ सुधारला पण त्या थापेनं," कुणी तरी म्हणालं.

"मामांचा स्वभावच गमत्या," अनंतकृष्ण समजूतदारपणे म्हणाला.

जाळीतून पुष्पावतीला सगळे दिसत होते. पत्रावळी उचलल्यावर ढेकर देणारे, तिच्या बापाच्या श्राद्धाचं जेवून त्याला गमत्या ठरवणारे. यांच्यासाठी तो माणूस म्हातारपणी पाढे म्हटल्यासारखं डुर्ख, फ्यूर, गेगेन म्हणत होता. यांना कागद वाचता यावा म्हणून. अनंतकृष्णाचा तिला रागही आला नाही. राग यायला समोर काही तरी असावं लागतं. पण अण्णांना मात्र हे आता कायमचं थापाड्या करून ठेवणार होते, आणि त्यांच्या जागी या कोटाला बसवणार होते.

ती उठली. लक्ष्मीदेवीनं तिचा पदर धरला. "अय्यो, कुठं? पुरुष बसलेत बाहेर."

पुष्पावतीनं पदर सोडवून घेतला, जाळीचं दार ढकललं आणि ओसरीवर येऊन उभी राहिली. गुंडुरावांनी तोंडातला विडा गालात सरकवला.

"काय गं पोरी? पाणीबिणी संपलं का?"

"पाणी आहे, गुंडुरावकाका." तिनं पदर खोचला. "माझ्या वडिलांनी थापा पुष्कळ मारल्या. हत्तीची त्यांचीच होती. पण ती एक थाप नव्हती. त्यांना जर्मन मी शिकवलं. रोज सकाळी, माठाशी बसून. मी त्या वेळी गप्प राहिले आणि तुम्ही त्यांना हसलात. आता हसायचं असेल तर मला हसा. दसऱ्यानंतर वर्ग इथंच भरेल, आणि शिकवणार मी आहे."