कोनाड्यातला ताइवो

इकोयीच्या श्रीमंत वस्तीतल्या त्या नव्या हॉटेलात भिंतींना गिलावाच नव्हता. मोरेनिकेला वाटलं, गवंडी काम अर्धवट टाकून पळाला. केहिंदे हसली. "आई, हीच तर फॅशन आहे. असं ठेवायला दुप्पट खर्च येतो."

हॉटेलची सगळी सजावट केहिंदेच्या हातची होती. आईबापांनी शुक्रवार ते रविवार इथे राहावं, लेकीचं काम डोळे भरून पाहावं, म्हणून तिने मालकाच्या मागे लागून ही खोली मिळवली होती. मुशिनमधल्या शेजारणींना हे सांगताना मोरेनिकेचे पाय जमिनीवर नव्हते.

"आणि हे बघ," केहिंदेने पलंगावरच्या कोनाड्याकडे बोट केलं. "सगळ्यात आधी मी हे घेतलं. दुकानात अशा शंभर मूर्ती होत्या, पण याच्यापुढून पायच निघेना."

कोनाड्यात वीतभर लाकडी मूर्ती उभी होती. धुऊन धुऊन गुळगुळीत झालेला चेहरा, कमरेला निळे मणी, डाव्या टाचेवर दिव्याने भाजल्याचा डाग. ते मणी मोरेनिकेने ओवले होते. तो डागही तिच्याच हातून पडला होता. ती मटकन पलंगावर बसली. आई प्रवासाने दमली असं समजून केहिंदे कामाला खाली गेली.

मोरेनिकेला अजूनही सगळे इया इबेजी म्हणत, जुळ्यांची आई. केहिंदेचा जुळा भाऊ ताइवो तीन महिन्यांचा असताना गेला, तेव्हा सासूने रीतीप्रमाणे त्याची मूर्ती कोरून आणली. गेलेल्या जुळ्याला घरात जागा दिली नाही, तर तो मागे राहिलेल्याला बोलावून घेतो. मोरेनिके त्याला रोज न्हाऊ घालायची, अंगाला तेल चोळायची, चवळी शिजली की जुळ्यांचा घास म्हणून त्याच्या ओठांना लावायची. मग घर नव्या चर्चमध्ये जाऊ लागलं आणि पाद्री म्हणाले, हे लाकूड जाळा. केहिंदे तेव्हा दोन वर्षांची होती. मूर्तीचं तिला कुणी कधी सांगितलंच नाही.

"केहिंदेचे बाबा," मोरेनिके नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही जाळला म्हणाला होतात."

अडेगोके खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. "काडी ओढली होती गं. हात धजला नाही. रस्त्याने एक फेरीवाला चालला होता, त्याला देऊन टाकला."

"तीस वर्षं मी त्या राखेसाठी रडले!"

"मला काय दिसत नव्हतं? पण कुठल्या तोंडाने सांगू?"

आता याच्याशी भांडायचं तरी कसं? बायकोच्या आधी तोच रडू लागला होता.

शनिवारी सकाळी तिने लेकीला सगळं सांगितलं. केहिंदे पलंगावर चढली आणि मूर्तीच्या गालावर बोट ठेवून तशीच उभी राहिली.

"माझा ताइवो?"

"तुझा धाकटा. जुळ्यांत मागून जन्मतो तोच थोरला. जग कसं आहे ते बघून ये म्हणून तूच त्याला पोटातून पुढे धाडलंस, थोरले."

केहिंदेने मालकाला फोन लावला. बोलत बोलत बाहेर गेली, परत आली.

"देत नाही म्हणतो. पाटीवर, चाव्यांवर, साबणावर, सगळीकडे याचाच चेहरा छापलाय. हुबेहूब दुसरी कोरून देतो म्हणाला."

"हुबेहूब घेऊन काय करू? लेकरू मागतेय मी, शोभेची वस्तू नाही!"

"नोकरी सोडते म्हटलं, आई. म्हणाला, सोड. मूर्ती इथेच राहील." "आणि ही हकीकत त्याला फार आवडली. मूर्तीखाली कार्डावर लिही म्हणाला. पाहुण्यांना असलं आवडतं म्हणे."

रविवारी बाराला खोली सोडायची होती. अडेगोके पिशवी घेऊन दारात उभा होता. केहिंदेने कोरं कार्ड टेबलावर आपटलं. "मेले तरी लिहिणार नाही."

मोरेनिकेने कोनाड्याकडे पाहिलं. दोन्ही पायांतून पार भिंतीत गेलेले स्क्रू तिने कालच चाचपून पाहिले होते.

"लिही," ती म्हणाली.

"आई!"

"लिही म्हणते ना. मी घरी निघाले, इथे त्याचं दुसरं कोण आहे? वर नाव घाल, ताइवो. खाली लिही, चवळी शिजवलीत तर दोन दाणे याच्या ओठांना लावा. आणि खोलीत हळू बोला. मोठ्या आवाजाला दचकतो तो."