ढालीवरचं नाव

येडू पैलवानानं भीमाचं डोकं तिसऱ्यांदा हौदात दाबलं आणि या खेपेला वर काढायची काही घाई केली नाही. पाण्यावर बुडबुडे आले, मग कमी झाले. भीमाचे पाय चिखलात खरडत राहिले. दोन दांडग्या गड्यांनी यशवंताचे हात पाठीमागं पिरगाळले होते आणि त्यातल्या एकानं त्याचे केस मुठीत धरले होते, त्यामुळं त्याला मान फिरवायचीही सोय नव्हती.

“बोल मार्कर,” येडू म्हणाला. म्हैस धुवायला आलेल्या माणसासारखा तो निवांत होता. “हरतो म्हन. येका शब्दाचं काम हाय.”

त्यानं भीमाला वर ओढलं. भीमाच्या नाकातोंडातून पाणी आणि रक्त एकदमच बाहेर आलं. हौदाचा काठ लागून त्याच्या भुवईवर मोठी खोक पडली होती. तो खोकला, ओकला, आणि श्वास मिळाल्याबरोबर ओरडला,

“दादा, म्हनू नगंस! मेलो तरी म्हनू नगंस!”

येडूनं त्याच्या बरगडीत गुडघा घातला. आत काहीतरी मोडल्याचा आवाज यशवंताला सहा हातांवरून ऐकू आला. मग ते डोकं चौथ्यांदा पाण्याखाली गेलं.

“हरतो,” यशवंत म्हणाला. “हरतो म्हनलं न्हवं? सोड त्याला!”

येडूनं लगेच सोडलं. धोतराला हात पुसले, गड्यांना खूण केली आणि जाता जाता वळून म्हणाला, “मालकास्नी सांगतो तसं. आन ध्यानात ठेव, जिकलास तर ह्याला हौदात न्हाय, हिरीत टाकीन.”

गिरणीच्या रंगखात्यामागं रविवारी चिटपाखरू नसतं. यशवंतानं भावाला काखेत हात घालून बाहेर ओढलं तेव्हा दोघांशिवाय तिथं कुणी नव्हतं. हौदातलं निळसर पाणी आणि भीमाचं रक्त यशवंताच्या पांढऱ्या कोटाच्या दोन्ही बाह्यांवर कोपरापर्यंत चढलं. हाच कोट घालून त्याला अकरा वाजता टेबलाशी उभं राहायचं होतं.

एवढं सगळं घडलं ते एका लाकडी ढालीपायी. गिरणीत यंत्रं बसवायला आलेल्या एका अमेरिकन इंजिनिअरनं जाताना आपलं पूल खेळायचं टेबल क्लबाला देऊन टाकलं होतं. साहेबी बिलियर्ड्स तिथं पहिल्यापासून चालू होतंच. पण या टेबलावरचा नऊ बॉलचा डाव सभासदांना फार भावला, कारण तो न खेळणाऱ्यालाही कळायचा. एक ते नऊ आकड्यांचे रंगीत बॉल. पांढऱ्या बॉलनं नेहमी सगळ्यात लहान आकड्याला आधी मारायचं, आणि जो नववा बॉल खिशात घालील त्याचा डाव. हौस वाढली आणि सभासदांनी संक्रांतीला भरणारी गड्ड्याची जत्रा उठली की दरवर्षी मार्करांची स्पर्धा भरवायला सुरुवात केली. मार्कर म्हणजे टेबलाशी उभं राहून गुण आणि चुका पुकारणारा क्लबाचा नोकर. पगारी म्हणून बाकीच्या स्पर्धांत त्याला मज्जाव. ही मात्र खास पगारी माणसांचीच. मुंबई-बंगलोरचे यायचे, काठमांडूचा एक यायचा, आणि कोलंबोच्या क्लबातला गुणसेना बोट आणि आगगाडी करत चार दिवस प्रवास करून यायचा. फाटकावरच्या कापडी फलकावर ‘आंतरराष्ट्रीय’ असं ठळक लिहिलेलं असे, आणि ते काही खोटं नव्हतं.

ढाल गिरणीचे मालक मानसिंगराव यांनी दिली होती, आपल्या कैलासवासी वडिलांच्या नावानं. मोठ्या दालनात वडिलांच्या तसबिरीखाली ती टांगलेली असे आणि जिंकणाऱ्याचं नाव चांदीच्या पट्टीवर कोरून तिच्यावर बसवत. चार वर्षांच्या चार पट्ट्या झाल्या होत्या. पाचवीसाठी यशवंत आणि गुणसेना उरले होते.

यशवंताच्या बापानं याच दालनाचा व्हरांडा तीस वर्षं झाडला होता. उंबऱ्याच्या आत त्याचं पाऊल कधी पडू दिलं नव्हतं. पुढं यशवंत आत गेला तो त्या अमेरिकनामुळं. त्याला बॉल लावून द्यायला माणूस हवा होता आणि जात विचारायची असते हे त्याच्या गावीही नव्हतं. तेव्हापासूनची पंधरा वर्षं यशवंत त्या टेबलाशी उभा होता. सभासदांना त्याची सवय झाली होती, मानसिंगरावांनाही. पण शनिवारी संध्याकाळी पत्ते पिसता पिसता ते म्हणाले, “कोलंबोवाल्याचं नाव लागू दे, नेपाळ्याचं लागू दे. झाडूवाल्याच्या पोराचं नाव आमच्या आबांच्या नावाखाली लागणार नाही.” सोडा घेऊन आलेल्या चनबसप्पा बटलरनं ते ऐकलं आणि यशवंताच्या कानावर घातलं. यशवंत हसला होता. मोठी माणसं बोलतात, एवढंच त्याला वाटलं होतं.

आता भीमा हौदाला टेकून बसला होता आणि भावाकडं बघत नव्हता.

“का म्हनलास?” तो म्हणाला. “मी सोसत हुतो की.”

“तू मरत हुतास.”

“मरू द्यायचा हुतास.” त्यानं थुंकी टाकली, ती लाल होती. “बा म्हनायचा, आपलं नाव कुटं बी लिवलेलं न्हाय, शाळेच्या वहीशिवाय. आता लागत हुतं, तर तू शब्द देऊन बसलास.”

“तुला जिता ठेवाय दिला शब्द. पाळायसाठी न्हाय.”

भीमानं वर पाहिलं. सुजलेल्या डोळ्यात एकदम धुगधुगी आली.

“खरं?”

“खिडकीशी येऊन हुबा ऱ्हा. डोळ्यानं बग. ते नाव मी लावनार.”

“मग टाकू दे मला हिरीत,” भीमा म्हणाला, आणि मोडलेली बरगडी धरून चक्क हसला.  एवढा जीव आपल्यावर कुणी टाकू नये असं यशवंताला वाटलं.

चनबसप्पानं प्रश्न न विचारता स्वतःचा जादा कोट काढून दिला. चनबसप्पा आडवातिडवा माणूस. कोट यशवंताच्या अंगात नुसता लोंबत होता आणि बाह्या तळहातापर्यंत येत होत्या. त्यानं त्या दोनदा दुमडल्या आणि तो टेबलाशी जाऊन उभा राहिला.

सात डाव जिंकेल त्याची ढाल. यशवंत इतका चिडून कधीच खेळला नव्हता. एरवी त्याचा हात मऊ. त्या दिवशी पहिल्या फटक्याला त्यानं नऊच्या नऊ बॉल असे फोडले की एक उडून पुढच्या रांगेतल्या वकिलांच्या मांडीवर पडला. प्रत्येक फटक्यात तो येडूचं तोंड फोडत होता. बॉल खिशात शिरायचा तेव्हा त्याला बरगडी मोडल्याचा तो आवाज ऐकू यायचा आणि पुढचा फटका आणखी जोरात बसायचा. तीन डाव त्यानं अशा रागावर घेतले आणि तीन त्याच रागापायी घालवले. गुणसेना शांत, चिवट माणूस. ऊन डोक्यावर आलं तेव्हा दोघांचे सहा-सहा डाव झाले होते.

व्हरांड्याच्या एका खिडकीच्या गजांना भीमा लटकून उभा होता. डोक्याला फडकं, त्याच्यातून रक्त उतरून गालावर वाळलेलं. दुसऱ्या खिडकीत येडू. मानसिंगराव पहिल्या रांगेत पायावर पाय टाकून बसले होते. सहा-सहा झाल्यावर त्यांनी मान वळवून येडूकडं पाहिलं आणि येडूनं भीमाकडं.

यशवंतानं ते पाहिलं. त्याची भीती तिथंच संपली. करा काय करायचं ते, असं त्याच्या मनात स्पष्ट आलं आणि हात एकदम हलका झाला. शेवटच्या डावात गुणसेनाचा तिसरा बॉल हुकला. यशवंतानं तीन घातला, चार, पाच, सहा, सात. राहिले दोन. आठवा कोपऱ्यातल्या खिशाच्या तोंडाशी होता, लहान पोरानंही घातला असता असा. नववा टेबलाच्या मध्यावर. आठवा घालून पांढरा नवव्याच्या मागं आणायचा, की झालं. खिडकीत भीमानं गज दोन्ही हातांनी धरले.

पांढरा लांब होता. यशवंत टेबलावर पार आडवा झाला, काठी नवव्यावरून पुढं नेली, नेम धरला.

“फाऊल!”

आवाज मोठा आणि खणखणीत होता. कोण ओरडलं ते बघायला यशवंतानं मान वर केली, तर सगळं दालन त्याच्याकडं बघत होतं.

उजव्या हाताची दुमड सुटली होती. बाहीचा काठ नवव्या बॉलला लागून बॉल हलला होता, गहू मावेल न मावेल एवढा. पंधरा वर्षं कुणाचीही बाही बॉलला लागली की त्याच्या तोंडून ती हाक जायची. एकदा कलेक्टरसाहेबांवर गेली होती, एकदा खुद्द मानसिंगरावांवर. बघायचं, ठरवायचं, मग बोलायचं असं त्याच्या कामात नव्हतंच. डोळ्यानं पाहिलं की तोंड पुकारायचं. आज तोंडानं त्यालाच पुकारलं होतं.

पंच म्हणून बसलेले सेक्रेटरी गोंधळले. “मला तर काही दिसलं नाही, यशवंत.”

“भाई, मैंने भी नहीं देखा,” गुणसेना म्हणाला. “खेलो.”

यशवंत नुसता गप्प राहिला असता तरी चाललं असतं. तो सरळ उभा राहिला. 

“लागली, साहेब,” तो अखेर म्हणाला. “बॉल हलला.”

नियमाप्रमाणं पांढरा बॉल गुणसेनाच्या हातात गेला, हवा तिथं ठेवायला. त्यानं तो ठेवताना यशवंताकडं दोनदा पाहिलं. आठवा गेला. नववा गेला. टाळ्या वाजल्या, आणि त्या बऱ्याच वेळ वाजत राहिल्या.

मानसिंगराव उठले ते गुणसेनाकडं गेले नाहीत. ते यशवंतापाशी आले आणि सगळ्यांसमोर त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

“शहाणा आहेस,” ते म्हणाले. “असाच राहा.”

यशवंतानं खिडकीकडं पाहिलं. गजांवर कुणाचे हात नव्हते.

भीमा त्याला फाटकाशी गाठता आला, आणि तोही भीमाला नीट चालवत नव्हतं म्हणून.

“भीमा, बाही लागली. आईच्यान.”

“व्हय. लागली की.”

“खोटं न्हाय. कोट मोटा हुता, दुमड सुटली—”

“कुनाला दिसलं?” भीमा म्हणाला. “साहेबाला न्हाय, त्या कोलंबोवाल्याला न्हाय. तुला एकट्याला बरं दिसलं. दादा, आदी सांगायचं हुतंस. मी मार तरी खाल्ला नसता.”

 सांगण्यासारखं जे होतं ते सगळं यशवंतानं सांगितलं होतं, आणि भावाच्या डोळ्यात त्यातलं काही उतरलं नव्हतं. समजुतीनं हे मिटणार नव्हतं. त्यानं भीमाचं मनगट पकडलं आणि त्याला ओढत रस्त्यापलीकडं नेलं. तिथं रसाच्या गुऱ्हाळावर येडू आणि त्याचे दोघे गडी बाकावर बसले होते.

यशवंताच्या हातात अजून काठी होती. त्यानं ती जाड टोकानं फिरवली आणि येडूच्या तोंडावर हाणली. ग्लास फुटला. येडू बाकावरून मागं कोसळला. उठायच्या आत यशवंतानं दुसरा तडाखा कानाखाली दिला, तिसरा खांद्यावर, आणि काठी मोडली तशी मूठच चालवली. गडी झेपावले. एकानं त्याला कंबरेत लाथ घातली, दुसऱ्यानं गळ्याभोवती हात आवळून त्याला धुळीत पाडलं. यशवंताला बरं वाटलं. आता हे मला फोडतील, आणि भीमा ते बघेल.

“मार!” तो खालून ओरडला. “मार की रं! भ्यालो न्हाय मी तुला! मार!”

“सोडा,” येडू म्हणाला.

गडी थांबले. येडू उठून बसला. त्याचा ओठ दुभंगला होता आणि पुढचा एक दात हलत होता. त्यानं तो दोन बोटांनी चाचपला, रक्त थुंकलं आणि धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. यशवंत उठला आणि त्यानं पुन्हा मूठ मारली. येडूनं ती गालावर घेतली. मग त्याचं मनगट धरलं आणि अगदी बेतानं खाली आणलं.

“बास आता. मालकांनी सांगितलंय, ह्याला हात लावायचा न्हाय.” तो गड्यांना म्हणाला. “शब्द पाळलाय त्यानं. आता आपला मानूस हाय. तापलाय जरा, हुतंय तसं. रस दे रं एक ह्याला, बरफ घालून.”

त्यानं यशवंताच्या कोटावरची धूळ झटकली, आधी एका बाहीची, मग दुसऱ्या. यशवंत नुसता उभा राहिला. 

येडूनं भीमाकडं पाहिलं. “ने रं तुझ्या दादाला घरी.”

भीमानं डोक्याचं फडकं सोडलं, त्याची रक्ताची बाजू आत घेतली आणि परत घट्ट बांधलं.

“तुमचा मानूस हाय म्हनता,” तो म्हणाला. “मग तुमीच पोचवा.”