निळ्या पेशी

"डोळा जरा वर घ्या. आता दिसतंय?"

"नुसतं धुकं आहे गं."

तिनं सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू हलकेच फिरवला. वाकलेल्या नवऱ्याची मान इतकी बारीक झाली होती की त्या कॉलरमध्ये अजून एक मान मावली असती.

"हां, दिसलं. निळे ठिपके. धाग्यांनी जोडल्यासारखे."

पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ती तंत्रज्ञ होती. कत्तलखान्यातून उंटाची आतडी यायची. ती धुवायची, गोठवायची, कागदाहून पातळ काप काढून रंगवायची. नायट्रिक ऑक्साइड तयार करणाऱ्या चेतापेशी तेवढ्या निळ्या व्हायच्या. त्या पेशींनी हा वायू सोडला की स्नायू सैल पडतो आणि अन्नाला पुढची वाट मिळते. नवऱ्याच्या अन्ननलिकेच्या तळाशी नेमक्या याच पेशी मरून गेल्या होत्या. जठराचं दार उघडतच नव्हतं. दोन शस्त्रक्रिया होऊनही घास छातीत अडायचा नि घटकाभरानं उलटून यायचा. आता डॉक्टरांनीही हात टेकले होते.

तो बसचालक होता, एके काळी ताट पुसून खाणारा. आज त्यानंच हट्ट धरला होता, "माझं काय मेलंय ते एकदा बघू तरी दे."

त्यानं बराच वेळ भिंगावरून डोळा हलवला नाही.

"एवढंसंच?"

"एवढंसंच."

"उंटावरचा शहाणा ऐकला होता. उंटाच्या पोटातला आज पाहिला." तो हसला आणि त्याला ठसका लागला. "काटे खातो लेकाचा, आणि गिळतोही!"

"उद्या नळीचं विचारून येऊ या," ती म्हणाली. "पोटातूनच थेट अन्न..."

"नको. पुरे झालं आता."

तिनं काचपट्टी काढून डब्यात ठेवली. वाद घालून घालून ती थकली होती.

घरी आल्यावर ती नेहमीसारखी स्वयंपाकघराचं दार लोटून, उभ्या उभ्याच जेवायला लागली. भांडं वाजू नये म्हणून ताटाखाली फडकं घेतलं होतं. दार उघडलं. भिंतीला धरत तो आत आला आणि खुर्ची ओढून बसला.

"बस. माझ्यासमोर जेव."

"अहो, पण तुम्हाला..."

"जेव म्हणतो ना."

ती बसली. घास तोंडात नुसताच फिरत राहिला. शेवटी कसाबसा तिनं तो गिळला. तो तिच्या गळ्याकडे बघत होता.

"गेला?"

तिनं मान डोलावली.

"मग घे दुसरा."