फ्लाव्हियाची राणी आणि मी

मित्रांनो, बांद्याला कॉन्स्टान्सियो सरांच्या घरी खिडकीपाशी एक म्हातारा सूक्ष्मदर्शक बसलेला असतो. तो मी. माझी हकीकत सांगण्याआधी एक कबूल करून टाकतो. माझा स्वभाव मत्सरी आहे.

माझा जन्म अंबाल्याचा. तिथल्या एका कारखान्यात माझी लोखंडी मान ओतली, तिच्यावर पितळेची नळी बसवली आणि खाली छोटा गोल आरसा लावला. भुशाने भरलेल्या लाकडी पेटीतून मी बांद्याच्या शाळेत आलो. मला विजेची गरज नव्हती. आरसा उजेडाकडे वळवला की माझं काम सुरू. शाळेत विज्ञान शिकवायला कॉन्स्टान्सियो सर होते. एक हात मानेला, एक हात तळाला, असे ते मला उचलत. दुसऱ्या कुणाला उचलू देत नसत. कांद्याचा पापुद्रा, डासाचा पाय, तळीतलं शेवाळ बघायला मुलं माझ्यापुढे रांग लावत. जगात बघण्यासारखं जे काही आहे ते माझ्यातूनच दिसतं, असं मला वाटू लागलं होतं.

आठवीत फ्लाव्हिया नावाची मुलगी होती. एक दिवस सरांनी काचेवर तळीतल्या गढूळ पाण्याचा थेंब ठेवला. बाकीची मुलं बघून पुढे गेली, ही जागची हलेना.

"सर, ह्यो चलता!"

"आमीबा तो. चलतलोच."

"पण ह्येचे पाय खंय आसत?"

"अंगाचोच पाय करता गो. पुढे ढकलता आणि मागचा अंग ओढून घेता."

घंटा झाली तरी तिने डोळा काढला नाही. तेव्हापासून ही मुलगी माझी, असं मी मनाशी धरून चाललो.

ती शिकत गेली. आधी गोव्याला, मग पुण्याला. पेशींचा अभ्यास करून ती संशोधक झाली. इकडे सर निवृत्त झाले. शाळेत दिव्यावर चालणारे नवे सूक्ष्मदर्शक आले आणि मला मोडीत काढायचं ठरलं. सरांनी मला घरी आणलं. त्यांच्या पत्नी सिसिलिया बाईंनी मला खिडकीपाशी जागा दिली. मी सुखात राहिलो असतो, पण दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की फ्लाव्हियाचा फोन यायचा आणि सर तो मोठ्या आवाजात लावायचे.

फ्लाव्हिया कॅन्सरच्या पेशींवर काम करत होती. त्या आपली जागा सोडून शरीरात दुसरीकडे कशा जातात, हे तिला शोधायचं होतं. त्यासाठी तिच्याकडे एक नवा, मोठा सूक्ष्मदर्शक आला होता. तिने त्याला नावही ठेवलं होतं. राणी!

"सर, राणी पेशींका उबेत ठेवता, जित्यो ठेवता," ती सांगायची. "दर धा मिनिटांनी फोटो काढता. दोन-दोन दिवस."

मित्रांनो, माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. राणीला थंडगार खोली, राणीला स्वतःचा कॅमेरा. आणि मी? पावसाळ्यात माझ्या भिंगावर बुरशी चढायची. मला इतक्या वर्षांत कुणी नाव ठेवलं नव्हतं. फोन आला की मी मनात म्हणायचो, बिघडू दे ती राणी. एकदा ती खरंच बिघडली. फ्लाव्हिया फोनवर रडवेली झाली होती, आणि मी मात्र खूश होतो.

गेल्या मे महिन्यात फ्लाव्हिया सरांना भेटायला आली. सिसिलिया बाईंनी तिला चहा दिला आणि सर आत गेलेले बघून हळूच म्हणाल्या, "दोन म्हयने झाले, तिखट खायनत नाय. जिभेक फोड आसा. डॉक्टराकडे जावा म्हणून सांगून मी थकलंय. तू तरी सांग."

सर बाहेर आले तसं फ्लाव्हियाने त्यांना जीभ दाखवायला लावली. जिभेच्या कडेला पांढरट-लाल चट्टा होता. तिचा चेहरा उतरला.

"सर, हेचो तुकडो काढून तपासूक होयो. गोव्याक जावया."

"दात जिभेक घासता, म्हणून झाला. आपसून बरा होतला."

"दोन म्हयन्यात झाला नाय ता आता कसा होतला?"

सर चिडले. "चाकू लागलो काय कॅन्सर सगळ्या अंगात पसारता. माझ्या भावाचा बघूक नाय तू? तुकडो काढल्यानी आणि तीन म्हयन्यात गेलो!"

"चाकू लावच्या आधीच ता पसारलेला होता, सर. तुमका उशिरा कळला इतक्याच." तिने लॅपटॉप उघडला. "थांबा, मी दाखवतंय."

"कंप्युटरातला चित्र कोणय करता. नको माका." सरांनी माझ्या मानेवर हात ठेवला. "मी ह्या भिंगातून बघलंय ताच खरा मानतंय."

काय सांगू मित्रांनो! ते ऐकून माझी छाती फुगली. शेवटी सर माझेच होते. राणीची चित्रं त्यांनी बघायलासुद्धा नकार दिला होता. लॅपटॉप मिटू दे, अशी मी अगदी मनापासून प्रार्थना केली.

फ्लाव्हियाने लॅपटॉप बाजूला ठेवला. मग माझ्याजवळ आली. मऊ कागदाने तिने माझ्या भिंगावरची बुरशी पुसली. चमच्याच्या दांड्याने स्वतःच्या गालाचं आतलं अस्तर अलगद खरवडून काचेवर घेतलं आणि त्यावर सरांच्या पेनातल्या शाईचा थेंब सोडला.

"बघा सर. काय दिसता?"

सर वाकले. "पेशी. फरशी घातल्यासारख्यो."

"अंगात असताना ह्यो एकमेकींचे हात धरून रवतत. जागा सोडनत नाय. पण आता ह्यो मेलेल्यो आसत. मेलेल्यो बघूक ह्यो जुनो सूक्ष्मदर्शक पुरे, सर. चलणारी पेशी बघूक राणीच होयी."

माझ्या इतक्या जवळ उभी राहून ती हे म्हणाली. इतका अपमान मला मोडीत काढतानाही वाटला नव्हता.

पण सर आता उठून गेले नाहीत. चष्मा सारखा करून ते लॅपटॉपकडे वळले. खिडकीपाशी बसल्या जागेवरून मलाही पडदा दिसत होता. धाग्यांचं दाट जाळं होतं आणि त्याच्या कडेला कॅन्सरच्या पेशींचा घोळका. त्यातल्या एकीने शेजारणीचा हात सोडला. अंगातून एक बोट पुढे काढलं, धागा चाचपला, पकडला आणि स्वतःला ओढून घेतलं. पुढची फट तिच्या पोटातल्या गाभ्याहून अरुंद होती. ती दबली, चपटी झाली आणि पलीकडे निघाली. मग तिच्याच वाटेने दुसरी. मग तिसरी.

सरांनी ते तीनदा बघितलं.

"कोणी टोचल्यानी हेंका?"

"कोणी हातसुद्धा लावूक नाय, सर. आपसून चलतत. जितके दिस तुमी थांबतलात, तितक्यो पुढे जातल्यो."

 सरांनी दातांवरून जीभ फिरवली आणि तोंड मिटलं. सिसिलिया बाई दारातूनच म्हणाल्या, "फाल्यां सकाळी गोव्याक जावया." सरांनी चष्मा काढून ठेवला. ते नाही म्हणाले नाहीत.

घर सोळा दिवस बंद होतं. पहिले काही दिवस मी रागातच काढले. मग खिडकीबाहेर जांभळं पडून कुजू लागली, आणि मला भीती वाटायला लागली.

सर परतले तेव्हा त्यांच्या गळ्यावर लांब टाके होते. बोलता येत नव्हतं. शेजारच्या तुळसाबाई भेटायला आल्या, त्यांना सिसिलिया बाई सांगत होत्या, "जिभेचो तुकडो काढल्यानी. गळ्यातल्यो गाठी तपासल्यानी, एकीतसुद्धा कॅन्सर पोचूक नाय. डॉक्टर म्हणालो, पावसाळो संपापर्यंत थांबले असते तर काय सांगूक येवचा नाय."

तेव्हा मला कळलं, मी कशासाठी प्रार्थना केली होती.

मित्रांनो, माझा मत्सर गेलेला नाही. आजही राणीचं नाव निघालं की माझ्या स्क्रूत काहीतरी आवळतं. पण आता मी त्याचं ऐकत नाही. तुमच्या शाळेत माझ्यासारखा कुणी असेल तर त्याचं भिंग कोरड्या, मऊ फडक्याने पुसा, त्याला झाकून ठेवा. तुमच्या घरात कुणाच्या तोंडातला फोड तीन आठवड्यांत बरा होत नसेल, तर त्याला हाताला धरून डॉक्टरकडे न्या. तो चिडेल. चिडू दे.

त्या दुपारी माझी प्रार्थना फळली असती, तर मी जिंकलो असतो. आणि आता माझ्या शेजारच्या ज्या खुर्चीत बसून कॉन्स्टान्सियो सर सिसिलिया बाईंनी दिलेली पेज चमच्याचमच्याने पीत आहेत, ती खुर्ची रिकामी असती.